सारसराजा कोणापुढे वाकत नाही

लाखांदूर,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप रुखमिणीताईस,

तुझी मामेबहीण निर्मला हिचा दोन्ही हातांनी नमस्कार. (दोन्ही हात मोकळे आहेत तोवर करून घेते. शुक्रवारी त्यांतला एक अडकणार आहे, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? खाणीतून निवृत्त झाले की तो जाईल असं तू म्हणाली होतीस, पण त्यालाही आता पंधराएक वर्षं झाली असतील. मी ठणठणीत आहे. रक्तदाब आहे, पण त्याचा त्रास मला होत नाही, माझ्याशी बोलणाऱ्यांना होतो.

आपला पत्रव्यवहार बावीस वर्षं बंद आहे. शेवटचं पत्र कोणाचं आणि उत्तराची पाळी कोणाची ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर मनातच ठेव. मध्यंतरी तुझा नंबर मिळवून दोनदा फोन केला, दोन्ही वेळा माझा आवाज ऐकताच रेंज गेली. तुमच्या चिखल्याची रेंज माणूस ओळखून जाते हे मला नवीन होतं. म्हणून हे पत्र शुभांगीच्या हाती देते आहे. शुभांगी आमच्या सिनेमाचे कपडे शिवते, तिचं माहेर तुमच्याच खाण कॉलनीत आहे. ती उद्या संध्याकाळी तुझ्या दारात उभी राहील आणि गुरुवारी सकाळी परत निघेल. तिला चहा दे, पण हे पत्र वाचून झाल्यावर दे. आधी दिलास तर ती बोलायला लागेल, आणि मग शुक्रवार उजाडेल तरी तुझं वाचून व्हायचं नाही.

होय, सिनेमा. माझ्या दादाचा मुलगा प्रफुल्ल (तू पाहिलास तेव्हा नाक पुसायला बाही वापरायचा) आता दिग्दर्शक झाला आहे आणि माझ्या 'सारसांचा राजा' या पुस्तकावर सिनेमा काढतो आहे. ते पुस्तक तुला पाठवलं होतं, पोचलं असेल. गोष्ट तुला सांगायची गरज नाही, पण शुभांगी हे पत्र वाटेत उघडून वाचणार आहे आणि तिने कपडे शिवले तरी पुस्तक वाचलेलं नाही, म्हणून तिच्यासाठी सांगते. कोरडा नावाचा एक राक्षस असतो. तो आधी तळ्यांचं पाणी पितो आणि मग माणसं नेतो. एका मुलीचा धाकटा भाऊ तो नेतो. तेव्हा सारसांचा राजा त्याला म्हणतो, पोराला सोड, मला घे. राजा मरतो. सारसी रात्रभर त्याच्या कलेवराशेजारी एका पायावर उभी राहते. पहाटे तळ्याकाठचं धान हलतं, आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य येतं: 'आणि तो आला.' बस, एवढंच. समीक्षकांनी या शेवटाला 'सूचक' म्हटलं होतं. (समीक्षक दोन होते. त्यांतले एक माझ्याच शाळेत भूगोल शिकवायचे.)

जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीत मी एकतीस वर्षं शिकवलं, आणि एकतीस वर्षांत ही गोष्ट ऐकून एकाही मुलाने मला विचारलं नाही की बाई, हा राजा कोणत्या धर्माचा. मुलं विचारायची, त्याला दुखलं का? सारसीने पाय बदलला का? हे प्रश्न शहाण्यासारखे आहेत. पण सिनेमा म्हटला की मोठी माणसं येतात. प्रफुल्ल म्हणाला, आत्या, ही अवतारकथा आहे. कॅमेरावाला म्हणाला, मरून परत येतो म्हणजे हे येशूचं आहे, मॅडम कॉन्व्हेंटच्या ना. (कॉन्व्हेंटमध्ये मी शिवण, भूमिती आणि उलट उत्तर न देणं शिकले. त्यातलं तिसरं टिकलं नाही.) कोरड्याचं काम करणारा म्हणाला, हा जातक कथेतला बोधिसत्त्व. मी म्हटलं, हा पक्षी आहे. त्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू आपलंच लिहिलेलं म्हातारीला कळत नाही. माणसाने पुस्तक लिहावं पण ते जिवंतपणी कोणाला वाचू देऊ नये.

राजाचं काम करणारा नट म्हणजे धर्मेंद्र. झाडीपट्टीच्या नाटकांतला आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर उभा असतो, आणि बायका त्याच्या एन्ट्रीला शिट्ट्या मारतात. पहिल्या वाचनाच्या दिवशी त्यानेही हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हा राजा कोन्या देवाचा हाय?" माझं डोकं तिथेच फिरलं. मी म्हटलं, बाबा रे, तुला पंख लावायचेत, जानवं नाही. तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी तेव्हाच त्याच्या नावापुढे मनातल्या मनात लाल शाईची फुली मारली. मला वाटलं, नटाने आपला देव चपलांबरोबर बाहेर काढून यावं. तू ओळखतेसच मला, मला असं काही वाटलं की ते बोलूनही होतं.

आता मुद्द्यावर येते, कारण वेळ नाही. सिनेमाचा शेवटचा प्रसंग उभ्या धानात आणि तळ्यातच घ्यावा लागतो. लाखांदूरपासून थोड्या अंतरावर एक तळं आहे, भोवती उशिरा पिकणारं भारी धान पिवळं होऊन उभं आहे, आणि पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसांचं खरंखुरं जोडपं रोज सकाळी उतरतं. असं तिन्ही एकत्र पुन्हा मिळायचं नाही. पण शनिवारी तिथे कापणी लागते. मजूर ठरलेत, हार्वेस्टर ठरलंय. म्हणजे शुक्रवारची सकाळ ही एकच सकाळ आमच्या हातात आहे. आणि काल गावाने तळ्याच्या पाळीची, त्या बांधावरची वाट आम्हाला बंद केली.

झालं असं. पाळीवर मातामायचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड, वर निंबाचं झाड. मुहूर्ताचा नारळ तिथे फोडला. धर्मेंद्र हा मार्गातला माणूस. आपल्याकडे मार्गातला म्हणजे काय ते तुला सांगायला नको: एकच परमेश्वर मानायचा, मूर्तीपुढे वाकायचं नाही, दारू-सट्टा सोडायचा आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. नाटकवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पूजेचं ताट निघालं की धर्मेंद्र "चहा पाहून येतो" म्हणतो, नारळ फुटला की परत येतो, कोणी त्याला विचारत नाही आणि तो कोणाला सांगत नाही. अकरा वर्षं हे असं सुरळीत चाललंय, एकाही पूजेचं काही बिघडलं नाही आणि एकही चहा त्याने पाहिलेला नाही. पण नाटकात कॅमेरा नसतो. प्रफुल्लने (नाक पुसायच्या वयात अक्कल द्यायला हवी होती) मुहूर्ताचा व्हिडिओ काढून सगळीकडे टाकला, आणि त्यात स्वच्छ दिसतं की सगळे हात जोडून उभे आहेत आणि सारसांचा राजा पिसं सावरत पाठ फिरवून चालला आहे.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं. पण या दिवट्याने सिनेमाच्या कथेतही मला न विचारता एक प्रसंग घुसवलाय: परत आलेला राजा मातामायपुढे वाकतो. म्हणे लोकांना आवडेल. त्या पोशाखात वाकलं तर चोच आधी देवीला लागते हे शुभांगीने त्याला तीनदा सांगितलं, पण शिंपिणीचं दिग्दर्शक ऐकत नाहीत. आणि हा प्रसंग गावाच्या कानावर गेला. काल दुपारी उपसरपंच भोजराज चार माणसं घेऊन पाळीवर येऊन बसला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "तुमच्याच कहाणीत लेयलं हाय राजा वाकते म्हनून. मंग वाकू द्या न एक डाव. आमच्या मायले पाठ दाखवनारा आमच्या तळ्यात पाय नाही ठेवनार." त्याच्या मागे पोरं मोबाइल धरून उभी होती. चाळीस माणसांचं युनिट गाड्यांपाशी उभं, आणि मधे ती एक पाऊलवाट.

मी तरातरा जाऊन धर्मेंद्रला गाठलं. तो गाडीमागे चोच काढून बसला होता. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. सारांश असा की नटाला भूमिकेत धर्म नसतो, दोन हात जोडायला दोन सेकंद लागतात, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकले तरी घरी येऊन सत्यनारायणाचा शिरा खाल्लाच की नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी ते दोन हात हायेत. माह्यासाठी ते भट्टीचं दार हाय."

अकरा वर्षांपूर्वी तो इतका प्यायचा की स्टेजवर राजा होऊन जायचा आणि गटारात उतरायचा. बायको लेक घेऊन माहेरी गेली. मार्गात आला, शब्द दिला, त्या दिवसापासून थेंब नाही. बायको परत आली. लेक आता बारावीला आहे. "गोधडीचा एक टाका उसवला का पुरी उसवते, मॅडम. कोनता टाका तुटला म्हनजे मी पुन्हा पितो, मले ठाऊक नाही. म्हनून एकही तोडत नाही." ताई, मी एकतीस वर्षं मुलांना गप्प केलंय. मला गप्प करणारा हा पहिलाच, आणि तोही डोक्यावर लाल रंग फासलेला.

पण हे ऐकवून भागलं नाही. थोड्या वेळाने, युनिटकडे, चुलीवर गार झालेल्या भाताकडे आणि पोरांच्या मोबाइलांकडे बघून तोच उठला आणि म्हणाला, "जाऊ द्या. या सगळ्यायचं नुकसान होऊन राहिलं. मी वाकतो." आणि निघाला पाळीकडे. चेहरा असा की मला राजाचा मरणाचा प्रसंग आठवला. पोराला सोड, मला घे. फरक एवढाच की पुस्तकात मला माहीत होतं की पुढच्या पानावर तो परत येतो.

तेव्हा मी आयुष्यात प्रथमच धावले. (माझी चप्पल तिथेच आहे.) आणि माझ्याआधी मधे उभी राहिली ती सीताबाई. ही मातामायचं ठाणं सारवणारी बाई, सत्तरीची, कमरेत वाकलेली, तोंडात एक दात आणि तोही भोजराजवर रोखलेला. तिने विचारलं, हे भांडण कायचं? सांगितलं. म्हणाली, हा मरून परत कुठे येतो? तळ्यात. तळं कोनाचं? आपलं. "मंग तो पावना झाला न रे भोज्या! पावना दारात आला का तू त्याले पाया पड म्हनते का? का पाय धुवाले लोटा देते? तुह्या मायनं हेच शिकवलं का तुले?" भोजराज खाली बघायला लागला. ती भोजराजची मोठी काकू निघाली. सगळं गावच तिचा पुतण्या आहे.

अशी ती गाठ सुटली. राजा वाकणार नाही. राजा पाहुणा म्हणून येईल, मुलगी त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालेल, मातामाय मागे निंबाखाली दिसेल, आणि कोणालाच कोणापुढे वाकावं लागणार नाही. प्रफुल्लला तर हे इतकं आवडलं की आपणच सुचवलं असं तो रात्रीच्या जेवणापर्यंत सांगायला लागला होता.

पण सीताबाई भली आहे, भोळी नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, पुस्तक तुमी लेयलं न? त मंग पुस्तकातला राजा कोन हाय, देव का पावना? देव असन त गोष्ट अलग. मायवर हात ठेवून सांगा." जमलेलं गाव, सगळं युनिट, धर्मेंद्र, सगळे माझ्याकडे. मी हात ठेवला. म्हटलं, मीच लिहिलं, आणि राजा पाहुणा आहे. शेंदूर अजून नखात आहे, लिंबाने जात नाही.

भोजराज मात्र अजून पुरता मानलेला नाही. त्याचं म्हणणं, काल निम्मं गाव शेतात होतं. शुक्रवारी सकाळी साऱ्या गावापुढे, हातात नारळ घेऊन, मी हेच पुन्हा सांगायचं. मी सांगितलं की पाळ मोकळी. नाही सांगितलं तर धर्मेंद्र वाकणार. त्याने तसं मला कालच शांतपणे सांगून ठेवलंय: "तुमी मनावर नका घेऊ मॅडम, तुमाले जमलं नाही त मी हावो न."

असो. सहज कळवावंसं वाटलं म्हणून लिहिलं. मागायचं काही नाही. भाऊजींना अडुळशाचा काढा दे. शुभांगीला दोनच कप चहा.

तुझी,
निर्मला

ता. क. — तुझ्याकडची आपल्या वसतिगृहातली ती चिनी मातीची बरणी फुटली की आहे? माझ्याकडचं झाकण अजून शाबूत आहे. आणताना बरणी सांभाळून आण. म्हणजे, आलीस तर.

ता. क. दुसरा — आलीस तर म्हणजे ये. गुरुवारी शुभांगीबरोबरच निघ. लाखांदूरच्या स्टँडवर मी उभी असेन, चपलेशिवाय.

ताई, मला शुक्रवारी नारळ हातात घेता येणार नाही. माझा मातामायवर विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टांच्या येशूवरही नव्हता. पण काल हात ठेवल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि स्वयंपाक प्रफुल्लच्या बायकोचा आहे हे एकच कारण त्याला नाही. धर्मेंद्र एक टाका तोडायला भितो. मी बावीस वर्षं अख्खी गोधडीच दुसऱ्याची पांघरून बसले आहे.

वसतिगृहाच्या आजारखोलीत मी दहा वर्षांची, टायफॉइडने तापलेली, घरच्या आठवणीने रडणारी. आणि तू बारा वर्षांची, रोज संध्याकाळी खिडकीतून चढून गोष्ट सांगायला येणारी. कोरडा तुझा. सारसी तुझी. तिचा एक पायसुद्धा तुझाच. मी फक्त शुद्धलेखन केलं. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की तू ती गोष्ट टाकून दिलीस आणि मी उचलली. बरं, चोरली. लिहिलं एकदाचं. पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते सिस्टरना दाखवायला नेलं होतं. त्यांनी वाचलं, मिटलं आणि म्हणाल्या, ही गोष्ट कोणाची ते मला ठाऊक आहे, निर्मला. मी सगळ्यांना सांगत आले की त्या येशूबद्दल बोलत होत्या. त्या मला चांगल्या ओळखायच्या.

शुक्रवारी पाळीवर तू उभी राहा. नारळ तू घे. सिनेमाच्या पाटीवर नाव तुझं लागेल, मी प्रफुल्लला बजावलंय. का ते सांगितलेलं नाही, ते तुझ्यासमोर सांगेन, म्हणजे तुला माझा चेहरा बघायला मिळेल. बावीस वर्षांचं व्याज समज. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. गावाशी बोल. पण तो माणूस वाकता कामा नये.

ता. क. तिसरा — फक्त एक गोष्ट आधी मला एकटीला सांग, सीताबाईने विचारायच्या आत. शेवटच्या संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, मेलेला राजा परत का आला? तू म्हणालीस, "सांगते." इतक्यात दिवे घालवायची घंटा झाली, तू माझ्याच खाटेवर आडवी झालीस आणि झोपी गेलीस. दुसऱ्या दिवशी मला घरी नेलं. पुस्तकाचा शेवट 'सूचक' नाही, ताई. मला पुढचं ठाऊकच नव्हतं.

देव म्हणून आला, पाहुणा म्हणून आला, की नुसती सारसी उभी होती म्हणून आला? छप्पन्न वर्षं झोपलीस. आता ऊठ आणि सांग.